इंजिन उघडताना आधी आकडा, मग पाना



गळीत हंगाम संपून धुराडे थंड झाले की गावोगावच्या गॅरेजपुढे ट्रॅक्टरची रांग लागते. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ओढून इंजिन ऑईल खाऊ लागलेले असते, धूर निळा पडलेला असतो, चढाला ओढ उरलेली नसते. मग ‘हाफ इंजिन’ करायचे ठरते. म्हणजे वरचे हेड व खालचे चेंबर उतरवून पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बाहेर काढायचे, रिंगा-बेअरिंग बदलायचे व पुन्हा बसवायचे. आम्ही शेतकी खात्याची माणसे. बेणे, खत, पाणी हा आमचा विषय. तथापि तुटलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडणे ज्या इंजिनावर अवलंबून आहे, त्याविषयी दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कामच समजतो.

आमचे स्पष्ट मत असे की, नव्या भागांना घातलेला पैसा पुष्कळदा जोडणीतल्या घाईने वाया जातो. रॉडचे खालचे तोंड दोन तुकड्यांचे असते. एक रॉडचा, दुसरा कॅपचा. हे दोन्ही एकत्र आवळून मगच त्यांचे गोल भोक अचूक केलेले असते. त्यामुळे दोन नंबरची कॅप तीन नंबरच्या रॉडला बोल्टाने बसते खरी, पण भोक गोल राहत नाही. बेअरिंग कुठे चेपते, कुठे ढिले पडते आणि शेवटी क्रँक खाते. इकडे मिस्त्री चारही कॅपा डिझेलच्या एकाच घमेल्यात टाकतो आणि म्हणतो, “सगळ्या सारख्याच हायत की!” दिसायला को 86032 चे आणि दुसऱ्या जातीचे बेणेही मोळीत सारखेच दिसते. म्हणून तर आपण बेणेमळ्याला पाटी लावतो.

तेव्हा पहिला पाना लावण्याआधी रॉड व कॅप दोन्हींवर एकाच बाजूला नंबर आहे का ते पाहावे. नसेल तर खूण करून घ्यावी. पिस्टनचे तोंड कोणत्या बाजूला होते तेही लिहून ठेवावे. पिस्टन वरून निघतो. म्हणून लायनरच्या वरच्या काठाची काजळी व झिजेची धार आधी साफ करावी, नाहीतर रिंग किंवा पिस्टनची कड तुटते. रॉडचे बोल्ट रॉडलाच राहणारे असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे क्रँकला ओरखडा जात नाही.

बसवताना प्रत्येक रिंग आधी लायनरमध्ये सरळ घालून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजावी. 100 मि.मी. बोअरला ती साधारण 0.3 ते 0.5 मि.मी. धरतात, पण त्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडाच खरा. लायनरच अंडाकृती झिजला असेल तर नव्या रिंगा घालून उपयोग नाही. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. पिस्टन रिंग कॉम्प्रेसर लावून हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूच खाली सारावा. अडला तर ठोकू नये; रिंग बाहेर आलेली असते. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहावी. शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, टप्प्याटप्प्याने द्यावा.

“इतकं कुठं बघत बसायचं?” असे काहीजण विचारतील. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेते तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला सुमारे 33 वेळा वर-खाली होतो. एक बोल्ट ढिला राहिला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. तेही ऐन हंगामात, ट्रॉल्या भरलेल्या असताना. मग मालकाचे हप्ते थांबत नाहीत, टोळी बसून राहते आणि फडात तोडून पडलेल्या उसाचे वजन व साखर दिवसागणिक घटते. नुकसान एकट्या ट्रॅक्टरवाल्याचे नसते. ज्याचा ऊस पडला त्याचेही असते.

यात सगळा दोष मिस्त्रीवर टाकणे आम्हाला पटत नाही. त्याच्या डोक्यावर उभे राहून “सांजच्याला गाडी चालू पायजे” म्हणणारे आपणच. टॉर्क पाना त्याच्याकडे नसेल, तर तो मनगटाच्या अंदाजानेच आवळणार.

म्हणून आमची सूचना अशी. टॉर्क पाना, फिलर गेज व रिंग कॉम्प्रेसर ही तीन साधने प्रत्येक गट ऑफिसात ठेवावीत आणि नोंदवहीत सही घेऊन सभासदांच्या कामासाठी द्यावीत. एका क्रँकच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. पावसाळ्यात परिसरातील मिस्त्रींसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा. संचालक मंडळाने याचा जरूर विचार करावा.

तोवर सभासदांनी एवढे करावे: इंजिनाचे काम दसऱ्याच्या तोंडावर न ठेवता पावसाळ्यातच काढावे, मिस्त्रीला पुरता दिवस द्यावा, आणि कॅपा घमेल्यात पडण्याआधी नंबर आपल्या डोळ्यांनी पाहावेत.