तिची गोष्ट, तिच्याच तोंडून

स्त्रियांच्या हालअपेष्टांवरची पुस्तके दरवर्षी ढिगाने निघतात. त्यांतली कोणती वाचावीत हे ठरवताना दुःख किती मोठे, हा निकष फारसा उपयोगी पडत नाही. नुसते दुःखाचे ढीग रचणारे पुस्तक वाचकाला हळहळायला लावते आणि तिथेच सोडून देते. खरा प्रश्न असतो तो घडलेल्या गोष्टीचा ताबा कोणाकडे आहे, हा. बाईवर काही ओढवले की तिची हकीगत सांगायला पोलीस, वकील, डॉक्टर, नवरा, आई, वर्तमानपत्रे असे सगळे पुढे सरसावतात. तिची पाळी येईपर्यंत ती हकीगत भलत्याच कोणाची तरी झालेली असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या काही कादंबऱ्या आणि आत्मकथने या हिसकावलेल्या हकिगती परत मिळवण्यासाठीच लिहिली गेली आहेत, आणि म्हणून ती आवर्जून वाचावीत अशी आहेत.

या यादीत पहिला मान शनेल मिलर या अमेरिकी लेखिकेच्या ‘नो माय नेम’ (2019) या आत्मकथनाचा. जानेवारी 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, एका पार्टीनंतर, बेशुद्ध अवस्थेतल्या मिलरवर तिथल्या एका विद्यार्थ्याने अत्याचार केला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ते पाहिले, त्याला हटकले आणि पळू लागल्यावर धरून ठेवले. मिलरला जाग आली ती इस्पितळात. आपल्यावर नेमके काय गुदरले हे तिला पुढे कामाच्या ठिकाणी संगणकावर बातमी वाचताना कळले. स्वतःच्या शरीराची हकीगत तिच्याआधी साऱ्या गावाला ठाऊक झाली होती, आणि त्याच बातमीत आरोपीच्या पोहण्याच्या विक्रमांचाही उल्लेख होता. खटल्यात ती ‘एमिली डो’ या टोपणनावाने वावरली. जून 2016 मध्ये आरोपीला अवघी सहा महिन्यांची कैद झाली आणि त्यातलेही तीनच महिने त्याने भोगले. त्याला उद्देशून न्यायालयात वाचलेले तिचे निवेदन प्रसिद्ध झाले तेव्हा काही दिवसांत ते लाखो लोकांनी वाचले. ही शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला 2018 मध्ये मतदारांनी मतदान करून पदावरून दूर केले.

इतके सारे वर्तमानपत्रांतही सापडते. पुस्तक मोलाचे ठरते ते या बातम्यांत न मावणाऱ्या गोष्टींमुळे. तारखांवर तारखा पडत जातात आणि त्यापायी नोकरी, घर, झोप यांची घडी कशी विसकटते. उलटतपासणीत ‘किती घोट प्यायलीस’ अशा प्रश्नांनी माणसाची स्मृती कशी तुकड्यातुकड्यांत फोडली जाते. धाकट्या बहिणीला साक्षीला उभे राहावे लागते तेव्हा थोरलीच्या मनात अपराधाची कसली कालवाकालव होते, हे मिलर फार बारकाईने लिहिते. आई चीनमधून आलेली, स्वतः लेखिका. त्या घरातली माया पुस्तकभर पाझरत राहते. त्या दोन सायकलस्वारांची आठवण म्हणून तिने दोन सायकलींचे चित्र काढून पलंगाच्या वर लावले होते. या प्रसंगात तिला धीर देणारी माणसेही होती, आणि अत्याचाराच्या वर्णनाइतकीच जागा ती त्यांना देते. या विषयावरच्या लेखनात हा समतोल फार विरळा आढळतो. शेवटी ती स्वतःचे नाव स्वतः जाहीर करते. पुस्तकाचे शीर्षक त्यावरूनच आले आहे.

नादिया मुराद यांचे ‘द लास्ट गर्ल’ (2017) हे आत्मकथन पत्रकार जेना क्राजेस्की यांच्या साहाय्याने लिहिले गेले. मुराद या उत्तर इराकमधल्या सिंजार भागातल्या कोचो गावच्या, यझिदी समाजातल्या. ऑगस्ट 2014 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने गावाला वेढा घातला आणि 15 ऑगस्टला गावकऱ्यांना शाळेत गोळा केले. पुरुषांना गोळ्या घातल्या, म्हाताऱ्या बायकांना ठार केले आणि तरुण मुलींना मोसुलला नेऊन विकले. मुराद यांची आई आणि सहा भाऊ या कत्तलीत गेले. मोसुलमध्ये कुलूप न लावलेल्या दारातून त्या निसटल्या, एका अनोळखी घराचे दार त्यांनी ठोठावले आणि त्या सुन्नी कुटुंबाने जीव धोक्यात घालून त्यांना शहराबाहेर काढले. 2018 मध्ये काँगोचे डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांच्याबरोबर त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

पुस्तकाचा पहिला भाग गावातल्या साध्या दिवसांचा आहे. शेतातली कामे, मेंढ्या, भावंडांची भांडणे. ब्यूटी पार्लर काढायचे स्वप्न पाहणारी ही मुलगी गावातल्या नवऱ्यामुलींचे फोटो जमवून त्यांच्या केशरचनांचा आल्बम करत असे. घाईने वाचणाऱ्याला हा भाग लांबलेला वाटू शकतो. पण तो नसता तर पुढच्या पानांत फक्त एक बळी उरला असता. काय उद्ध्वस्त झाले याचा अंदाज त्या आल्बममुळेच येतो. सुटकेनंतर कुर्दी अधिकाऱ्यांनी त्यांचा जबाब चित्रित केला आणि गुप्ततेचे आश्वासन असूनही तो बाहेर फुटला. स्वतःची कहाणी दुसऱ्यांच्या राजकारणासाठी वापरली गेल्याचा हा घाव मुराद लपवत नाहीत. या पुस्तकावर बोलताना अनेकजण तेवढेच नेमके गाळतात.

भारतातून इंग्रजीत आलेल्या कादंबऱ्यांत मीना कंदसामी यांची ‘व्हेन आय हिट यू’ (2017) सर्वांत धारदार आहे. 2018 च्या ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’च्या अंतिम यादीत ती होती. कंदसामी यांच्या स्वतःच्या विवाहातल्या छळाचा आधार तिला आहे, पण त्यांनी ती कादंबरी म्हणूनच लिहिली. चेन्नईची तरुण, डाव्या विचारांची लेखिका एका डाव्या विचारांच्याच प्राध्यापकाशी लग्न करून मंगळुरूला जाते. तिथे तिचे फेसबुक बंद होते, फोनवर पाळत बसते, साठवलेल्या ईमेल पुसल्या जातात, मग मारहाण आणि बलात्कार. नवऱ्याच्या तोंडी मात्र सतत क्रांतीची भाषा. स्त्रीमुक्तीच्या घोषणा देणाऱ्या माणसाच्या घरात हे चालते, हे मान्य करायला सुशिक्षित समाज कचरतो, म्हणून ही कादंबरी महाराष्ट्रातल्या चळवळींत वावरणाऱ्यांनी तर वाचायलाच हवी. चळवळीतल्या घराच्या आतले चित्र मराठी वाचकांना मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) या आत्मकथनात पूर्वीच भेटलेले आहे.

कंदसामी यांच्या कादंबरीची सुरुवात नायिकेच्या आईपासून होते. लेक छळातून सुटून माहेरी आली, त्याला बराच काळ लोटला. आता आई तिच्या भेगाळलेल्या पायांची आणि डोक्यातल्या उवांची कहाणी येईल त्याला रंगवून सांगत बसते. माया खरी, पण लेकीचे सारे भोग पाय आणि उवांवर आटोपलेले. तिथून नायिका कथन आपल्या हाती घेते. नवरा घराबाहेर असताना ती काल्पनिक प्रियकरांना पत्रे लिहिते आणि तो येण्यापूर्वी पुसून टाकते. घरातला प्रसंग एखाद्या चित्रपटाच्या दृश्यासारखा मांडून स्वतःला त्यातली नटी समजते. जीव वाचवायची तिची ती रीत आहे. तिला नाव दिलेले नाही, नवऱ्यालाही नाही.

लिहिणे हाच जगण्याचा मार्ग कसा होतो, याचे सर्वांत साधे आणि सर्वांत हलवून टाकणारे उदाहरण बेबी हालदार यांचे ‘आलो आँधारि’ आहे. आई घर सोडून गेलेली, बाप मारकुटा, शाळा अर्धवट; तेरा वर्षांची होण्याआधीच चौदा वर्षांनी मोठ्या माणसाशी लग्न. पुढे त्या तीन मुलांना घेऊन नवऱ्याचे घर सोडतात, रेल्वेने दिल्लीकडे येतात आणि गुडगावात घरकाम करू लागतात. तिथे प्रबोधकुमार या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी त्यांना काम मिळाले. हे प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांवरची धूळ झटकताना बेबी मधेच थबकतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आधी तसलिमा नसरीन यांचे ‘आमार मेयेबेला’ वाचायला दिले आणि नंतर वही-पेन हातात ठेवून स्वतःविषयी लिहायला सांगितले. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांची जेवणे उरकल्यावर रात्री बेबी बंगालीत लिहीत गेल्या. प्रबोधकुमारांनी केलेले हिंदी रूपांतर 2002 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि 2006 मध्ये उर्वशी बुटालिया यांचे इंग्रजी भाषांतर आले. त्यातला उतारा अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात आलेला आहे, पण पूर्ण पुस्तकाकडे फारसे कोणी वळत नाही, हे वाईट आहे. बेबींच्या लेखनात ना हुंदका आहे ना घोषणा. काही ठिकाणी त्या ‘मी’ सोडून स्वतःला ‘बेबी’ म्हणतात, जणू त्या लहान मुलीकडे मोठेपणी दुरून पाहात आहेत. छळाचे प्रसंग भाजी चिरल्याच्या स्वरात येतात, आणि त्यामुळेच अंगावर येतात.

मराठीत याच नावाच्या एका थोर लेखिकेची वाट आणखी खडतर होती. फलटणच्या बेबी कांबळे यांच्याजवळ असे वही देणारे कोणी नव्हते. किराणा दुकानात बसल्या बसल्या त्या पुड्या बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रे वाचत. महार वस्तीतल्या जगण्याविषयी त्यांनी लिहिले ते घरच्यांपासून लपवून, आणि तब्बल वीस वर्षे ते लपवूनच ठेवले. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले 1986 मध्ये. ते आज नवे म्हणता येणार नाही, पण त्याशिवाय उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) नीट कळत नाही. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या पवार आपल्या आत्मकथनाची सुरुवात डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढून बाजाराला जाणाऱ्या बायकांपासून करतात. वडील गेल्यावर बांबूच्या टोपल्या विणून मुलांना शिकवणारी आई, मुंबईतली नोकरी, लग्नानंतरचे एम. ए., नवऱ्याला खटकणारे लेखन आणि चळवळ, तरुण मुलाचा मृत्यू हे सारे त्यात आहे. बाहेरून होणारा जातीचा जाच आणि घरातला पुरुषी जाच, दोन्हींवर पवार सारख्याच नजरेने बोट ठेवतात. स्वकीयांविषयी बोलायला जास्त धैर्य लागते, आणि ते या पुस्तकात पानोपानी दिसते. सुषमा देशपांडे यांनी त्याचे नाट्यरूपही रंगमंचावर आणले.

तारा वेस्टओव्हर यांचे ‘एज्युकेटेड’ (2018) जगभर खूप खपले, त्यामुळे त्याविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या डोंगरात, सरकार, शाळा आणि डॉक्टर यांना शत्रू मानणाऱ्या मॉर्मन कुटुंबात वाढलेली मुलगी सतराव्या वर्षी प्रथम वर्गात बसते आणि पुढे केंब्रिजमधून पीएच. डी. मिळवते. यशोगाथा म्हणून ते वाचले जाते ते अपुरे आहे. थोरल्या भावाची मारहाण, ती झालीच नाही असे सांगणारे आईवडील आणि स्वतःच्याच आठवणीवरचा उडत जाणारा विश्वास, हा त्याचा गाभा. भावंडांना तोच प्रसंग वेगळा आठवत असेल तर वेस्टओव्हर तसे तळटीपेत नोंदवतात. अवनी दोशी यांची ‘बर्न्ट शुगर’ याच्या उलट बाजूने येते. भारतात 2019 मध्ये ती ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ या नावाने आली आणि 2020 मध्ये बुकरच्या अंतिम यादीत पोचली. पुण्यात घडणाऱ्या या कादंबरीत लेकीचे बालपण आईनेच आश्रमात आणि रस्त्यावर उधळलेले आहे. आता आईची स्मृती चालली आहे आणि लेकीला जाब विचारायला समोर कोणी उरत नाही. मायेची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाला ती जड जाईल.

चो नाम-जू या कोरियन लेखिकेच्या ‘किम जी-यंग, बॉर्न 1982’ (2016) या छोट्या कादंबरीत मारहाण नाही, युद्ध नाही, बलात्कारही नाही. सोलजवळ नवरा आणि लहान मुलीसह राहणारी तिशीतली बाई एके दिवशी दुसऱ्या बायकांच्या आवाजात बोलू लागते. मग तिचे आयुष्य क्रमाने उलगडते. भावांच्या शिक्षणासाठी कारखान्यात राबलेली आई, तिसरीही मुलगीच म्हणून केलेला गर्भपात, शाळेच्या हजेरीपटावर आधी मुलांची नावे, नोकरीत डावलली गेलेली बढती, बाळंतपणानंतर सुटलेली नोकरी. बाळाला घेऊन बागेत कॉफी पीत बसली तर नवऱ्याच्या पैशावर मजा मारणारी बाई म्हणून कानावर पडणारी शिवी. मध्येमध्ये सरकारी आकडेवारी आणि तळटीपा येतात, कारण लेखिकेला ही एकीची कहाणी नाही हे सिद्ध करायचे आहे. दक्षिण कोरियात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, 2019 मध्ये चित्रपट निघाला, आणि ती वाचली म्हणून एका लोकप्रिय गायिकेवर पुरुष चाहत्यांनी रोष काढला. जी-यंगची ही गोष्ट तिच्या तोंडची नाहीच. ती तिच्या मानसोपचारतज्ज्ञाने, एका पुरुषाने, लिहिलेली नोंद आहे. सबंध कादंबरीभर तो समजूतदार वाटतो. शेवटच्या पानांत त्याच्याच दवाखान्यातली एक सहकारी गरोदरपणामुळे नोकरी सोडते, तेव्हा तिच्या जागी अविवाहित मुलगीच घ्यायची असे तो मनाशी ठरवतो.

यांपैकी मुराद, मिलर आणि कंदसामी यांच्या पुस्तकांत लैंगिक अत्याचाराचे थेट वर्णन आहे; ज्यांना स्वतःच्या आयुष्यात तसे भोगावे लागले त्यांनी ती सलग न वाचता, सोबतीला कोणी असताना वाचावीत. पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्या वाचकाने ‘आलो आँधारि’पासून सुरुवात करावी, आणि घरातल्या पुरुषांच्या हाती द्यायचे असेल तर ‘किम जी-यंग’ द्यावे. ते एका बैठकीत वाचून होते.