पडलेल्या किल्ल्याचे स्मारक

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तमिळनाडूतील जिंजी आहे. या गौरवाने मराठी मनास समाधान वाटावे हे स्वाभाविकच होय. शिवनेरी आणि लोहगड हे पुणे जिल्ह्यातील परिचित गड या यादीत आहेत, पन्हाळाही आहे. पण ज्या वर्षी पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, त्याच वर्षी, त्याच पावसाळ्यात, मोगलांच्या प्रचंड फौजेशी छप्पन्न दिवस झुंजलेला चाकणचा संग्रामदुर्ग मात्र यादीत नाही. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. जागतिक यादीचे निकष वेगळे असतात आणि संग्रामदुर्गाचे आज जे उरले आहे ते थोडे आहे. विचार करायचा तो दुसऱ्याच प्रश्नाचा. जे जगाच्या यादीत बसत नाही, ते स्थानिक समाजाच्या स्मरणातूनही जावे काय?

हा प्रश्न चाकणपुरता मर्यादित नाही. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर मोशी ओलांडली की कुरुळीचे शिवार लागते, आणि तेथून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग सुरू होते. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी ही खेड तालुक्यातील गावे काही दशकांपूर्वी शेतीवर जगत होती. चाकणची ओळख कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी होती. आज हा टापू मोटारींच्या उत्पादनासाठी देशभर प्रसिद्ध आहे. कारखाने येथे आले त्यामागे मोकळी सपाट जमीन, पुण्याचे सान्निध्य आणि रस्त्यांचा संगम ही मुख्य कारणे होती. नेमक्या याच कारणांसाठी पूर्वी येथे सैन्ये येत असत. पुणे, जुन्नर आणि अहमदनगर यांच्यामधील वाटा चाकणजवळून जातात. ज्याच्या हाती चाकण, त्याच्या हाती रसदेचा मार्ग, हे शायिस्ताखानाने अचूक ओळखले होते. भूगोल तोच राहिला; त्याचा उपयोग करणारे बदलले.

संग्रामदुर्ग हा भुईकोट. कडे नाहीत, दऱ्या नाहीत. तट, बुरूज आणि खंदक एवढाच त्याचा आधार. मे १६६० मध्ये पुण्यात तळ दिलेल्या शायिस्ताखानाने २१ जून १६६० रोजी चाकणला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्यापाशी शिबंदी अगदी मर्यादित होती. बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती, कारण शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यास वेढ्यात अडकले होते आणि तेथून जुलैच्या मध्यास निसटल्यावरही दोन आघाड्यांवर एकाच वेळी सैन्य धाडणे शक्य नव्हते. भर पावसात मोगलांनी मोर्चे बांधले, जमिनीखालून सुरुंग खणला. १४ ऑगस्टला त्या सुरुंगाने एक बुरूज उडवला, आणि तरीही आतल्या लोकांनी त्या खिंडारातून होणारा हल्ला तो दिवसभर अडवून धरला. दुसऱ्या दिवशी, राव भाऊसिंग यांच्या मध्यस्थीने, किल्ला मोगलांच्या हवाली झाला. या एका भुईकोटासाठी मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले. खानाने देऊ केलेली बादशाही चाकरी फिरंगोजींनी नाकारली. महाराजांनी या किल्लेदाराला दोष दिला नाही. उलट पुढे भूपाळगडासारखे ठाणे त्यांच्याकडे सोपवले.

लष्करीदृष्ट्या हा पराभवच होता. परंतु त्याचे फळ काय, हे पाहिले पाहिजे. एक सपाटीवरचा कोट घेण्यास जवळजवळ दोन महिने लागत असतील, तर सह्याद्रीतले गड घेण्यास किती वर्षे लागतील, हा हिशेब खानास करावा लागला. चाकणनंतर गडांना भिडण्याचा त्याचा उत्साह ओसरला आणि त्याचा मुक्काम पुण्यातच लांबला. १६६३ च्या एप्रिलात लाल महालात त्याच्यावर जो प्रसंग ओढवला, त्याची पूर्वपीठिका चाकणच्या खंदकाशी सुरू होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पावनखिंडीतील बलिदान मराठी मनाने शिरोधार्य मानले, ते योग्यच झाले. त्याच पावसाळ्यातील चाकणची झुंज मात्र पाठ्यपुस्तकातील दोन-चार ओळींपलीकडे फारशी गेली नाही. विजय आणि वीरमरण यांचे स्मरण समाज सहज करतो. शर्थ करून शेवटी शरण गेलेल्यांचे स्मरण करणे त्यास कठीण जाते.

या परिसरात युद्धस्मृतींची वाण नाही. तळेगाव–चाकण–शिक्रापूर या एका रस्त्याच्या आसपासच तीन शतके उभी आहेत. पश्चिमेस वडगाव, जेथे १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांना मराठ्यांपुढे तह पत्करावा लागला. मध्ये चाकण. आणि पूर्वेस भीमाकाठी कोरेगाव, जेथे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या पलटणीची लढाई झाली. कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. परंतु त्यावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांनी त्याला निराळाच अर्थ दिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि तो स्तंभ एका उपेक्षित समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान झाला. २०१८ मध्ये तेथे झालेला हिंसाचार लज्जास्पद होता. तथापि मूळ धडा त्याने पुसला जात नाही. स्मारकाचा अर्थ दगड ठरवीत नाही, तेथे येणारी माणसे ठरवितात. ज्या स्तंभावर सामान्य शिपायांची नावे आहेत, तेथे त्यांचे वारस येतात. संग्रामदुर्गावर अशी नावे नाहीत. फिरंगोजींखेरीज त्या शिबंदीतील माणसे निनावीच राहिली.

म्हणूनच चाकणचे जतन ही केवळ डागडुजीची बाब नव्हे. किल्ल्याला आज चहूबाजूंनी वस्तीने वेढले आहे. तटाचे, बुरुजांचे, खंदकाचे जे अवशेष टिकून आहेत ते राखणे हे पहिले काम. आणि नाहीशा झालेल्या तटाची रेषा नकाशावर व प्रत्यक्ष जमिनीवर दाखविणे हे दुसरे. यासाठी पैसा नाही, ही सबब या टापूत तरी चालण्यासारखी नाही. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ऐतिहासिक स्थळांचे जतन हे त्या कार्यांच्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहे, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही तोच कायदा सांगतो. कुरुळी ते चाकण एवढ्या अंतरात असा कायदा लागू होणारे उद्योग मुबलक आहेत.

पैशाहून मोठी अडचण वेगळीच आहे. या टापूत आज राहणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून पोटासाठी आलेला आहे. ज्या गावात आपण राहतो त्याचा इतिहास त्यांना कोणी सांगितलेला नाही, आणि जमिनी गेलेल्या मूळ गावकऱ्यांनाही तो सांगण्याची सवड राहिलेली नाही. हे काम शाळांनीच करावयाचे आहे. स्वातंत्र्यदिनी या परिसरातील प्रत्येक शाळेत ध्वजवंदन होते. चाकणचा कोट मोगलांच्या स्वाधीन झाला तो दिवसही १५ ऑगस्टच होता. त्या दिवशी विद्यार्थ्यांना त्या तटापाशी नेऊन छप्पन्न दिवसांची हकीकत सांगण्यास ना निधी लागतो, ना शासनाचा आदेश. ती ऐकणारा मुलगा कामगाराचा असो वा शेतकऱ्याचा, ज्या जमिनीवर तो वाढतो आहे ती त्याला परकी वाटणार नाही.