लाटसाहेबांचा फोन

सेवाग्राम आश्रमातल्या बापू दप्तरात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून सरकारनं तो बसवला. गावाचं मूळ नाव सेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 मध्ये ते बदललं. गावाची पत्रं अशी भटकत, दिल्लीचा आवाज मात्र थेट आश्रमात! फोन कुणाच्या दारी जाणार, हे माणसाच्या वजनावर ठरे.

पुढं कित्येक वर्षं तीच रीत. हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्यानं मुंबईचा भाव विचारायला ट्रंक कॉल लावायचा आणि ताटकळायचं. घाई असेल तर जादा पैसे मोजून ‘अर्जंट’ नाहीतर ‘लाइटनिंग’. मग एसटीडी बूथ आले, तरी मीटर अंतर बघूनच पळे. नागपूर स्वस्त, मुंबई महाग, अमेरिकेचं नावच नको. रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून आईबाप जेवणं आटोपून बूथवर रांग लावत.

अंतराची ही पट्टी इंटरनेट कॉलनं मोडली. आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते डेटा म्हणून जातात; पुलगावला गेले काय नि पुण्याला, पैसे तेवढेच. आपल्याकडे इंटरनेट कॉलला 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली, पण त्यावरून देशातल्या साध्या फोनवर बोलायची मुभा मिळायला 2018 उजाडलं. सोळा वर्षं! या काळात कुणाचा गल्ला राखला गेला, ते उघड आहे.

लोक थांबले नाहीत. 2015 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, 2016 मध्ये चेहरा. त्याच वर्षी जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. आता आर्वीची आजी परगावच्या नातवाला रोज बघू शकते. जिनिंगवाला कोइमतूरच्या गिरणीला गाठी व्हिडिओवर दाखवू शकतो (तंतूची लांबी तेवढी पडद्यावर कळत नाही, नमुना पाठवावाच लागतो). दुकानाचा एकच नंबर तिघांच्या मोबाइलवर वाजवता येतो, नवी तार ओढायला नको.

जुन्या फोनचा एक गुण मात्र गेला. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच वीज पुरवी, त्यामुळे लाइट गेली तरी फोन चाले. आता लाइट गेली की राउटर बंद, टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइलही मुका. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावची लाइन चालू आहे का, आणि लाइट गेल्यावर ती किती वेळ टिकते?