जवसाच्या पैशाचा वाडा

विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते, पण जवसावर कोणी वाडा बांधल्याचे आपल्या ऐकिवात नाही. कॅनडात तसा एक वाडा आहे. ऑन्टारिओ प्रांतात किचनर-वॉटर्लू या जोडशहरांच्या पश्चिमेला बेडन नावाचे छोटे गाव आहे. तिथे जेम्स लिव्हिंग्स्टन याने 1877 मध्ये हे घर बांधले आणि स्कॉटलंडमधल्या आपल्या ईस्ट किलब्राइड या जन्मगावावरून त्याला ‘कॅसल किलब्राइड’ असे नाव दिले. जेम्स 1854 मध्ये कॅनडात आला, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. भावाबरोबर तो जवसाच्या धंद्यात पडला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस मिळेनासा झाला आणि जवसाच्या धाग्याला भाव आला. रंग आणि व्हार्निश करणाऱ्यांना बियांचे तेल हवेच होते. ऑन्टारिओत ठिकठिकाणी लिव्हिंग्स्टन बंधूंच्या गिरण्या उभ्या राहिल्या. 1882 ते 1900 अशी अठरा वर्षे जेम्स कॅनडाच्या संसदेत होता.

या घराचे खरे वैभव आतल्या भिंतींवर आहे. भिंत सपाट, पण तिच्यात कोनाडा दिसतो आणि कोनाड्यात उभा पुतळा दिसतो, त्याच्या सावलीसकट. छताच्या कडेला चुन्यात उठवल्यासारखी वेलबुट्टी आहे. जवळ जाऊन तिरपे पाहिले की कळते, हा सगळा रंगाचा खेळ आहे. शार्स्टाइन नावाच्या चित्रकाराने हे काम केले. त्या घरात पुढे तीन पिढ्या नांदल्या, पण ‘जुनाट झाले’ म्हणून त्यावर चुना फासायची बुद्धी कोणाला झाली नाही. एवढ्यासाठी तरी त्या कुटुंबाचे आभार मानले पाहिजेत.

1988 मध्ये घर कुटुंबाच्या हातून गेले. आतले सामान लिलावात निघाले, गावोगावी पांगले. त्यानंतर पाच वर्षे घर रिकामे पडून होते. रिकाम्या घराचे पुढे काय होते हे आपल्याला सांगायला नको. एखादे कौल सरकते, पाणी मुरते, पाचव्या पावसाळ्यात वासा कुजतो, आणि मग ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते. बेडनमध्ये ते टळले, कारण 1993 मध्ये विल्मट टाउनशिपने, म्हणजे त्या परिसराच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, ते घर विकत घेतले. मागच्या बाजूला जोड-इमारत बांधून आपली कचेरीच तिथे नेली. पुढच्या घरात संग्रहालय झाले. पांगलेले बरेच सामान लोकांनी परत आणून दिले. घराला पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तरी मला जास्त मोलाची वाटते ती कचेरी. कर भरायला आणि परवाना काढायला माणसे रोज त्या आवारात येतात. रोजची वर्दळ असली की गळणारे छप्पर लगेच कोणाच्या तरी नजरेला पडते.

याच आवारात पुढे दुसरे प्रकरण घडले. कॅनडाच्या पंतप्रधानांचे पुतळे ओळीने उभारायची एक खासगी योजना जागा शोधत फिरत होती. शेजारच्या शहरात आणि मग एका विद्यापीठात तिला विरोध झाला, तेव्हा ती बेडनला आली. 2016 मध्ये पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड यांचा पुतळा कॅसल किलब्राइडसमोर बसला. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांचे धोरण मॅकडोनल्ड यांच्या सरकारने राबवले होते. जून 2020 मध्ये पुतळ्यावर तांबडा रंग ओतला गेला, पुतळा हलवावा लागला, आणि 2021 मध्ये गावाच्या परिषदेने ती योजनाच गुंडाळली. निर्णय योग्यच होता. पण तो वाद त्या घराच्या अंगणात आणायचे कारणच काय होते? त्या घराला सांगण्यासारखे स्वतःचे पुष्कळ होते. जवसाचा धागा काढायचा तर रोप कापून चालत नाही, मुळासकट उपटावे लागते. ऑन्टारिओच्या या भागात हे कंबर मोडणारे काम बायका, मुले आणि मोसमापुरती शेतावर राहायला येणारी आदिवासी कुटुंबे करीत. ज्या जमिनीत हे पीक उभे राहिले, तिथे गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या आधी आदिवासीच नांदत होते. रंगवलेल्या कोनाड्यांमागे ते उपटणारे हात आहेत. त्यांची गोष्ट त्या घरात ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

आपल्याकडे वाडा पडतो आणि चौकात पुतळा उभा राहतो. पुतळ्याला एकदा निधी मिळाला, अनावरण झाले की काम संपले. वाड्याला दरवर्षी पैसा आणि लक्ष द्यावे लागते. वाडे पडायची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: उताऱ्यावर चाळीस वारस, गोठलेल्या भाड्याचे कुळ, दुरुस्तीची ऐपत नसलेला मालक, आणि दारात उभा बिल्डर. यातल्या कुठल्याही कारणासाठी एकट्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात चूल विझली आहे, त्याने गावाचा वारसा स्वतःच्या खिशातून सांभाळावा हे म्हणणे अन्यायाचे आहे. ते काम गावाचे आहे. आणि ते आपल्याला जमत नाही असेही नाही. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबाग वाडा 1879 मध्ये आगीत सापडला, पुन्हा उभा करण्यात आला, आणि पुढे कित्येक वर्षे पुणे नगरपालिकेची कचेरी त्याच वाड्यात होती. आज तो उभा आहे, यात त्या वापराचा वाटा मोठा आहे.

सध्या तालुक्या-तालुक्यांत नगरपरिषदांच्या नव्या प्रशासकीय इमारतींचे प्रस्ताव मंजूर होत आहेत. काचेचा दर्शनी भाग, आत वातानुकूलन, गावाबाहेर वाहनतळासह मोकळी जागा, असा त्यांचा एक ठरलेला नमुना आहे. असा ठराव मांडण्याआधी नगराध्यक्षांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी गावातला रिकामा वाडा एकदा आतून पाहून यावा. अभियंत्याकडून दुरुस्तीचा अंदाज काढावा, वारसांना रास्त मोबदला किती द्यावा लागेल ते विचारावे, आणि हे दोन्ही आकडे नव्या इमारतीच्या खर्चाशेजारी सभागृहात वाचून दाखवावेत.