‘तिकडे’ म्हणजे नेमके कुठे?

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव हे भिवंडी तालुक्यातील गाव. भातशेती आणि खाडी यांच्या सोबतीने वाढलेल्या या पट्ट्यात अंजूर फाट्यापासून आता गोदामांची रांग लागली आहे. शेतीवर जगलेल्या घरांतील मुले आज त्या गोदामांत संगणकावर मालाची नोंद ठेवतात. एखादा अभियंता झाला, की घरात ‘तिकडे’ जाण्याची भाषा सुरू होते. तिकडे म्हणजे अमेरिका किंवा कॅनडा. एक नाही जमले तर दुसरे. व्हिसा जिथला आधी मिळेल तिथे. डोंबिवली-पुण्याच्या सुशिक्षित घरांतही याहून फार वेगळा विचार होतो असे नाही. नकाशावर एकमेकांना चिकटलेले, थंड आणि श्रीमंत असे हे दोन देश आपल्या बोलण्यात जोडशब्दासारखे येतात. प्रत्यक्षात परक्या माणसाला घरात घेण्याच्या त्यांच्या रीती इतक्या भिन्न आहेत, की जाणाऱ्याने त्या आधीच समजून घ्यायला हव्यात.

अमेरिकेचा जन्म बंडातून झाला. १७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्रज राजाला झुगारले. जे राजाशी एकनिष्ठ राहिले, त्यांपैकी हजारो लोक उत्तरेला निघून गेले आणि इंग्रजीभाषक कॅनडाच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. कॅनडाने क्रांती केली नाही. १८६७ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने तो एक संघ झाला आणि राज्यघटना पूर्णपणे स्वतःच्या हाती येण्यास १९८२ साल उजाडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे शब्द आहेत. कॅनडाच्या १८६७च्या कायद्यात शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन. मे २०२५ मध्ये ओटावाच्या संसदेत अभिभाषण वाचले ते तिसऱ्या चार्ल्स राजाने, आणि तेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला आपले एक्कावन्नावे राज्य म्हणून हिणवत असताना!

हा स्वभावभेद दैनंदिन जीवनात पदोपदी दिसतो. शस्त्र बाळगणे हा अमेरिकनाचा घटनादत्त अधिकार आहे, कॅनडात त्यासाठी परवाना लागतो. अमेरिकेत नोकरी गेली की बहुधा आरोग्य विमाही जातो. कॅनडात डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागत नाही, पण तज्ज्ञाची भेट मिळण्यास महिने लागतात. कॅनेडियन माणूस उठता-बसता क्षमा मागतो, इतका की ओंटारियो प्रांताला २००९ साली कायदाच करावा लागला: क्षमा मागणे म्हणजे न्यायालयात दोष कबूल करणे नव्हे. आणि क्युबेकचे भाषाप्रेम काय सांगावे? प्रत्यक्ष फ्रान्समध्ये रस्त्यावरील फलकावर ‘स्टॉप’ लिहिलेले असते, क्युबेकमध्ये मात्र फ्रेंच ‘आरे’. दुकानांवरील मराठी पाट्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला पाहणाऱ्या महाराष्ट्राने याची नोंद घ्यावी.

दाराशी पाहिले तर कॅनडा अधिक न्यायी वाटतो. १९६७ पासून तेथे शिक्षण, भाषा, वय यांना गुण देऊन माणूस निवडला जातो; तो कोणत्या देशात जन्मला याला महत्त्व नाही. अमेरिकेत नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ शकत नाही. परिणामी भारतात जन्मलेला अभियंता वर्षानुवर्षे रांगेत उभा राहतो.

घरात शिरल्यानंतर मात्र चित्र पालटते. १९७१ साली पंतप्रधान पियेर त्रुदो यांनी बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून घोषित केले, १९८८ साली त्याचा कायदा झाला. प्रत्येकाने आपली संस्कृती जपावी, शासन साहाय्य करील. ऐकायला हे फार गोड आहे. पण समाजांना असे कप्प्याकप्प्यांत ठेवले, की राजकीय पक्ष व्यक्तीशी न बोलता कप्प्याच्या म्होरक्याशी बोलू लागतात, आणि म्होरका बहुधा तोच होतो जो सर्वांत संघटित आणि सर्वांत कर्कश असतो.

याची किंमत भारतीयांनी मोजली आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले; ३२९ जीव गेले. बॉम्ब कॅनडात ठेवला गेला होता आणि मृतांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. तरीही पंतप्रधान ब्रायन मल्रूनी यांनी सांत्वनाचा दूरध्वनी केला तो राजीव गांधींना! आपलीच माणसे गेली, हे त्या देशाच्या लक्षात यायला वर्षे लागली. या प्रकरणात साक्ष देऊ शकणारे शीख संपादक तारासिंग हेयर यांचा १९९८ साली कॅनडातच खून झाला. खलिस्तान्यांनाच शीख समाज समजणाऱ्यांनी हे नाव विसरू नये. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिराच्या आवारात भाविकांवर लाठ्या चालल्या, तेव्हा निषेधाची पत्रके निघाली. कप्पे मात्र तसेच राहिले.

एकेकाळी याच भूमीवर वेगळे दृश्य होते. १९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे पंजाबी शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करत होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतूनच क्रांतिकार्यासाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेले. पुण्याजवळचा ब्राह्मण तरुण आणि लुधियानाजवळचा शीख तरुण. दोघांना वेगवेगळे कप्पे ठाऊक नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडाने ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी जवळजवळ सर्वांना व्हँकुव्हरहून परत पाठवले होते. संसदेत क्षमा मागितली गेली ती २०१६ साली.

अमेरिका दाराशी कठोर आहे, कधी कधी निर्दयही. पण एकदा नागरिक झालेल्याला ती आखाड्यात उतरू देते. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले, २०२४ साली पुन्हा गेले. तेथे भारतीय मतांचा गठ्ठा नाही. कृष्णवर्णीय मतदारांची संख्या मोठी आहे. त्यांची मते सर्वांना पटतीलच असे नाही, परंतु एप्रिल २०२५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचा प्रस्ताव दाखल करताना या माणसाला आपण परके आहोत असे वाटले नाही. कॅनडात चंद्र आर्य यांनी २०२२ साली संसदेत कन्नडमध्ये भाषण केले तेव्हा कौतुक झाले. खलिस्तान्यांविरुद्ध उघड बोलणाऱ्या याच खासदाराची उमेदवारी २०२५ साली त्यांच्याच पक्षाने काढून घेतली, आणि त्या मतदारसंघातून नवे नेते मार्क कार्नी उभे राहिले.

आरोप करण्याची पद्धतही पाहावी. पन्नू प्रकरणी अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयात आरोपपत्र ठेवले. निज्जर प्रकरणी जस्टिन त्रुदो सप्टेंबर २०२३ मध्ये आधी संसदेत बोलले, आणि त्या वेळी हाती प्रामुख्याने गुप्तवार्ता होती, ठोस पुरावा नव्हता, हे वर्षभराने चौकशी आयोगापुढे मान्य केले. अर्थात पन्नूची संघटना न्यूयॉर्कमधूनच चालते, त्यामुळे वॉशिंग्टनला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही.

१९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली दोन्ही देशांतील मराठी मंडळे एकत्र येतात. गणपती टोरांटोतही बसतो आणि शिकागोतही. पण दोन्ही दारे आता अरुंद झाली आहेत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि नोव्हेंबरमध्ये जलद परवान्याची योजना बंद केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. खारबावच्या एखाद्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी जमिनीवर कर्ज काढायचे घाटत असेल, तर शुल्क किती आणि व्हिसा कधी, एवढेच विचारून भागणार नाही. तो मुलगा दहा वर्षांनी तेथे कोण म्हणून ओळखला जाईल, हेही त्याच बैठकीत बोलले गेले पाहिजे.