बाळाचं शरीर आणि आपली घाई

आज जरा अवघड विषय घेते. आपल्याकडे यावर कुजबुज होते, बोलणं होत नाही, म्हणूनच घेते.

काही बाळं जन्मतात तेव्हा मुलगा की मुलगी हे अवयवांवरून लगेच सांगता येत नाही. त्यांना आंतरलिंगी किंवा इंटरसेक्स म्हणतात. बहुतेकदा बाळ ठणठणीत असतं, अस्वस्थ असतात ती मोठी माणसं. मग बोलताही न येणाऱ्या त्या जिवावर शस्त्रक्रिया करून त्याला 'नीट' केलं जातं. त्यात कधी संवेदना जाते, कधी पुढे मूल होण्याची शक्यता जाते. आणि आपण ठरवलेलं लिंग त्या मुलाला मोठेपणी आपलं वाटेलच असं नाही.

२२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एका विवाहनोंदणीच्या खटल्यात हा प्रश्नही हाती घेतला. आईबापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने आदेश काढून अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. अपवाद फक्त जिवाला धोका असेल तर. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही ७ वर्षांच्या मुलाच्या अशा शस्त्रक्रियेला परवानगी नाकारली.

महाराष्ट्रात असा आदेश नाही. माझं म्हणणं आहे की तो हवा, आणि नुसता आदेश नको, विधिमंडळाचा कायदा हवा. सहीने निघालेला आदेश सहीने मागेही घेता येतो.

यावर लोक म्हणतात, "लहानपणी केलं तर त्याला आठवणार नाही." आठवत नाही म्हणून अन्याय पुसला जातो का? "शाळेत मुलं चिडवतील." मग चिडवणाऱ्यांना शिकवा, सुरी बाळावर कशाला? "लग्न कसं होईल?" अहो, बाळाला अजून दात आलेले नाहीत!

एक आक्षेप मात्र खरा आहे. लघवीचा मार्ग बंद असेल तर शस्त्रक्रिया लागतेच. काही बाळांच्या शरीरात क्षार टिकत नाहीत, त्यांना तातडीने औषध द्यावं लागतं. ते जरूर द्यावं. जीव वाचवणं वेगळं आणि चारचौघांत बरं दिसावं म्हणून कापणं वेगळं.

अमेरिकेत तर उलटीच गंमत. तिथे २०२१ मध्ये आर्कान्सा राज्याने आणि मागोमाग अनेक राज्यांनी १८ वर्षांखालील मुलांना लिंगबदलाचे उपचार देण्यावर बंदी घातली. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा असा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवला. कारण सांगतात, मूल लहान आहे, पुढे पस्तावेल. पण याच कायद्यांत आंतरलिंगी बाळांच्या शस्त्रक्रियेला सूट आहे! सोळा वर्षांचं मूल स्वतः मागतं तर लहान, आणि सहा महिन्यांचं बाळ काहीच मागत नाही तर चालतं. हा कुठला न्याय?

मी वाणिज्य शाखेची. वहीत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून दुरुस्त करता येते. शरीराच्या वहीत तशी सोय नाही. म्हणून नोंद करायची ती ज्याची वही आहे त्यानेच.

आपल्या कर्मसिद्धांतात द्रव्यवेद आणि भाववेद असे दोन शब्द आहेत. शरीराचं लिंग एक, आतला भाव दुसरा. हा भेद आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवला. पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपण घरातल्या बाळाच्या बाबतीत तरी घाई करू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कुणाच्या घरी असं बाळ आलं, तर आजीने पुढे होऊन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "हे आज केलं नाही तर बाळाच्या जिवाला काय धोका आहे?" उत्तर 'काही नाही' असेल, तर बाळाला दुपट्यात गुंडाळून घरी आणावं आणि थाटात बारसं करावं.