पाणी डोक्यावरून गेलंय

बंगळुरात सर्जापूर रोडवर दोन मराठी माणसं भेटली की गाव कुठलं, कंपनी कुठली एवढं उरकून थेट केसांवर येतात. ‘इथलं पाणीच वाईट हो, आल्यापासून निम्मे गेले.’ हे मी लिफ्टमध्ये ऐकलंय, दिवाळी पहाटेला ऐकलंय, गणपतीत आरतीचं ताम्हन फिरत असताना ऐकलंय. बोलणारा सांगलीचा असो, नांदेडचा असो की नाशिकचा, निदान ठरलेलं आणि आरोपी एकच: बोअरचं पाणी. या एका आरोपीच्या जिवावर इब्बलूरच्या सिग्नलपासून दोम्मसंद्रपर्यंत अख्खा बाजार पोसला जातोय. शॉवरला लावायचे फिल्टर, केराटिन, बोटॉक्स (हो, केसांचंही असतं), रोझमेरीचं पाणी, तांदळाचं पाणी, कांद्याचं तेल, जेलीच्या गोळ्यांतलं बायोटिन, आणि टाळूचा फोटो काढून ‘तुमच्या स्काल्पचं आरोग्य 52 टक्के’ असं सांगणारी ॲपं. 52 टक्के कशाचे, हे विचारायचं नसतं.

बाजाराचा मला राग नाही. तो विकायलाच बसलाय. राग येतो तो गिऱ्हाइकांचा, कारण या रस्त्याइतकं शिकलेलं गिऱ्हाईक देशात दुसरीकडे सापडणं कठीण, आणि इतक्या सहज फसणारंही.

नटण्यामुरडण्याला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. हौस ही माणसाची फार चांगली गोष्ट आहे. 1960 साली ‘लव्ह इन शिमला’ हा सिनेमा आला. नायिका साधनाचं कपाळ रुंद दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर झुलपं आणली आणि गावोगावच्या मुलींनी आयांशी भांडून साधना कट करून घेतला. त्याआधी पोरांनी देव आनंदचा कोंबडा काढला होता. 2003 च्या ‘तेरे नाम’नंतर मधोमध भांग पाडून डोळ्यांवर दोन पडदे सोडलेली मुलं आमच्या लातूरच्या चौकाचौकांत उभी असायची आणि भयंकर दिसायची. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाल्यावर सराफांच्या काउंटरवर बायका ‘जान्हवीचं मंगळसूत्र दाखवा’ म्हणायला लागल्या. सगळा येडेपणा होता आणि छान होता. आवडतं म्हणून करायचं, कंटाळा आला की सोडून द्यायचं. बाटलीत भरलेलं सौंदर्यही काही आजचं नाही. 1941 मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकली ती आपली लीला चिटणीस, जन्मानं धारवाडची, म्हणजे याच राज्यातली. साबण खपवायला तेव्हा एक सुंदर चेहरा पुरत होता. गिऱ्हाइकाला आधी घाबरवावं लागत नव्हतं.

आज सुरुवातच घाबरवण्यापासून होते. काहीतरी गळतंय, काहीतरी निस्तेज झालंय, आणि ते वेळीच थांबवलं नाही तर संपलंच. मग ज्याला आम्ही कौतुकानं ‘माझी पर्सनल स्टाईल’ म्हणतो, ती प्रत्यक्षात कशी दिसते? शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही कॅफेत जाऊन बसा. ताकाच्या रंगाचे को-ऑर्ड सेट, चेहऱ्यावर कोरियन काचेची चकाकी, आणि केस मागे चापून, जेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. रील्समध्ये त्याला ‘क्लीन गर्ल’ म्हणतात. माझी आजी असाच अंबाडा घालायची, तिला कुणी फॉलो केलं नाही. गंमत अशी की रोज इतके ताणून बांधलेले केस कानशिलांपाशी विरळ होतात. त्वचेच्या डॉक्टरांना हे जुनं ठाऊक आहे, याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. म्हणजे केस उपटतोय आपला लाडका अंबाडा, आणि खटला चालतोय बोअरवर.

आता आरोपीचीही बाजू ऐकू. पाणी जड होतं ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. शॉवरच्या तोंडाशी लावायच्या बहुतेक फिल्टरांत असतो कार्बन, तांबे-जस्ताचे कण, नाहीतर क जीवनसत्त्वाचे खडे. ही सगळी सामग्री क्लोरीन कमी करण्यासाठी. क्लोरीन असतं शुद्ध करून नळाला सोडलेल्या पाण्यात. बोअरच्या पाण्यात ते मुळात नसतंच, सोसायटीनं टाकीत टाकलं असेल तेवढंच. क्षार काढायचे तर रेझिन भरलेला सॉफ्टनर लागतो, आणि ते रेझिन मिठाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुवावं लागतं. मुठीएवढ्या डबीत तो कारखाना मावत नाही. थोडक्यात, जे पाण्यात नाही ते काढायचं यंत्र आम्ही घेतो, जे आहे ते तसंच डोक्यावर पडू देतो आणि ‘फरक जाणवतोय’ असा पाच ताऱ्यांचा शेरा लिहून मोकळे होतो. लिहिणारा बहुधा केमिकल इंजिनिअर असतो.

बरं, जड पाण्यानं केस गळतात का? जड पाण्यानं केस राठ होतात, गुंततात, साबणाला फेस येत नाही, हे खरं. कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. जड पाण्यात आणि ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेले केस ताणून पाहिले, तर मजबुतीत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. नंतर पाकिस्तानातल्या एका अभ्यासात केस कमकुवत होतात असं निघालं. पण दोन्हीकडे प्रश्न केसाच्या दांडीचा होता, मुळापासून गळण्याचा नव्हताच. मुळापासून गळण्याची कारणं बहुतेकदा अंगात असतात. मोठा ताप, बाळंतपण, लग्नाआधी अंग उतरवायला सोडलेलं जेवण, झोपेचं खोबरं, नव्या नोकरीचा ताण. असा धक्का बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी हातात येतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आता हिशेब करा. पुण्याची नोकरी सोडून माणूस बंगळुरात येतो, रात्री अमेरिकेच्या वेळेत जागतो, डब्याऐवजी ॲपवरून मागवून खातो, आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्या बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो. बोअर जाळ्यात सापडली! हे गळणं बहुतेकदा काही महिन्यांत आपणहून थांबतं. थांबतं त्या दिवशी हातात जी बाटली असेल तिला श्रेय.

पुरुषांचं तर विचारूच नका. ज्यांचे वडील आयुष्यात सर्जापूर रोड न पाहता नांदेडला बसल्याजागी टकले झाले, तेही पाण्यालाच शिव्या घालतात.

बाटल्या बदलत राहण्याला हे लोक ‘एक्सपेरिमेंट’ म्हणतात, आणि इथे माझं डोकं फिरतं. हाच माणूस सकाळी ऑफिसात कोडमध्ये पाच बदल एकदम कुणी केले तर त्याला फाडून खातो. एक बदल कर, चाचणी घे, नोंद ठेव, मग पुढचा. संध्याकाळी घरी येऊन तो नवा शाम्पू, नवं सिरम, नवी गोळी, नवा फिल्टर आणि रेशमी उशी एकाच आठवड्यात सुरू करतो.

प्रयोग कसा असतो ते पाहायचं तर बुलढाण्यात बघा. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 च्या काळात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस मूठमूठ हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं देशभर गेली. चॅनेलवाल्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं बारसं करून टाकलं. तिथेही पहिला संशय पाण्यावरच आला, नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. विंचूदंशावरच्या संशोधनानं जगात नाव कमावलेला हा माणूस. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: या सगळ्या घरांत सारखं काय शिरलंय? रक्त तपासलं, लघवी तपासली, केस तपासले आणि रेशनचा गहू तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की बाहेरून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होतं, आणि लोकांच्या रक्तातही. त्या गावांतल्या मुलींनी लाजेनं कॉलेज सोडलं होतं, बायकांनी उरलेले केस उतरवून टाकले होते. त्यांना सिरम विकायला कुणी गेलं नाही, कारण तिथे खपलं नसतं.

शेजारच्याच अकोल्याची गोष्ट आणखी कडू. 2023 मध्ये तिथल्या एका कॉलेजातल्या मुलीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं बातम्यांत आलं. तिघी ब्युटिशियनकडून आणलेलं गोरं करणारं क्रीम लावत होत्या. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी धागा पकडला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे. तीन बाटल्या ‘ट्राय करून बघते’ म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी आधी लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का एवढं तरी ट्राय करून बघावं.

पण माझा खरा मुद्दा पाण्याचा आहे. समजा, सगळा दोष पाण्याचाच. मग पाण्यासाठी आपण काय केलं? 2007 मध्ये बंगळूर महापालिकेत 110 गावं आली, इथली बहुतेक खेडी त्यांतलीच. त्या 110 गावांपर्यंत कावेरी पोचवायच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडला. दिवसाला 775 दशलक्ष लिटरची ही योजना. कावेरी शंभरेक किलोमीटरवरून, कित्येक पंप लावून वर चढवून आणावी लागते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बोअर आटल्या होत्या, टँकरच्या मागे धावाधाव झाली होती, आणि पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरलं म्हणून जलमंडळानं 22 कुटुंबांना प्रत्येकी 5,000 रुपये दंड केला होता. एवढं बघून झाल्यावर कावेरीच्या जोडणीचा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत आला. शुल्काचा आकडा वाचला गेला आणि सभागृहात सुतकी शांतता पसरली. शेजारी बसलेले कोल्हापूरचे एक काका माझ्या कानाशी लागले, ‘ताई, टँकर येतोय न्हवं? मग ही घाई कशाला?’ ठराव पुढच्या सभेवर ढकलला. त्याच बैठकीत लॉबीला ताकाचाच रंग द्यायचं मात्र हात वर करून एकमतानं मंजूर झालं. खाली उतरताना त्याच काकांनी मला नव्या फिल्टरची लिंक पाठवली.

मी लातूरची. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. हे मी कुणाला लाजवायला सांगत नाही, तहानेचं प्रदर्शन मांडणाऱ्यांचा मलाही वीट आलाय. सांगायचंय ते दुसरंच. तिथे पाण्यावरून भांडण झालं. मांजरा धरण कोरडं का पडलं, ऊस कुणाचा, कारखाना कुणाचा, घागर कुणाची, यावर लोक चहाच्या टपरीवर एकमेकांच्या अंगावर जायचे. नेत्यांना जाब विचारायचे. इथे सगळ्यांचं दुखणं एकच असूनही भांडण होत नाही. प्रत्येकानं आपापल्या बाथरूमचं दार लावून आपापला फिल्टर बसवला की प्रश्न सुटतो. टँकरवाला कुठून उपसतो हे कुणी विचारत नाही, आणि पाण्याचा तपासणी अहवाल कार्यालयात मागणाऱ्या बाईकडे मॅनेजर संशयानं बघतो.

आणि वापरलेलं पाणी? कैकोंड्रहळ्ळी, सौळ केरे अशी तळ्यांची साखळी उतरत उतरत बेळ्ळंदूरला जाते, तिथून वर्तूरला, आणि पुढे दक्षिण पिनाकिनीतून तामिळनाडूत. बेळ्ळंदूरचं तळं पेटायचं, हे आता जगाला माहीत आहे. जानेवारी 2018 मध्ये तिथली आग विझवायला लष्कराचे जवान उतरवावे लागले होते. त्या तळ्यावर जो पांढरा फेस चढतो तो सांडपाण्यातल्या साबण-डिटर्जंटांचा, म्हणजे आपलाच. एकेका डोक्याला तीन तीन शाम्पू लागले की ते जाणार कुठे? पावसात यमलूरच्या बाजूनं जाताना तो फेस उडून गाडीच्या काचेवर बसला तर वायपर लावण्याआधी नीट बघा. त्यात थोडा कोल्हापूरच्या काकांचा आहे, थोडा सल्फेट-फ्री आहे, आणि रोझमेरीचा वास काही येत नाही.